भूल उतरेपर्यंत

११ मार्च, सोमवार

माझा धंदा दुसऱ्यांना झोपवायचा, आणि मला स्वतःला धड झोप लागते ती फक्त जळगाव-धुळे बसमध्ये. आज एरंडोल सोडलं आणि डोळे मिटले, ते पारोळ्याचा किल्ला मागे गेल्यावर उघडले. मधल्या वेळात ऊन, केळीच्या गाड्या, रसवंतीची घुंगरं असं सगळं आत येत-जात होतं. स्वप्न कुठलं आणि रस्ता कुठला, विचारू नका. भूलतज्ज्ञ बाईनं सांगू नये, पण मला ती अर्धवट अवस्था फार आवडते.

धुळ्याच्या दवाखान्यात गुरुवारच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले. त्यातली नानीबाई लक्षात राहिली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, पन्नाशीची असेल. गळ्याला भली मोठी गाठ, लहानपणापासूनची. तिच्याकडे असे गळे पुष्कळ, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आता ती गाठ छातीच्या हाडामागे उतरलीय आणि श्वासनळी दाबतेय. स्कॅनमध्ये नळी दिसते ती पपईच्या देठाची पुंगळी दोन बोटांत चिमटावी तशी. बाईला आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसल्या-बसल्या झोपते. आमची सर्जन भाविका म्हणाली, गाठ काढली तर ही पुढची कित्येक वर्षं आरामात जगेल. नाही काढली तर एखाद्या साध्या सर्दीत नळी मिटेल आणि संपलं.

सोबत धाकटी बहीण सुनिता आणि नानीबाईचा मुलगा गोपाल. नवरा सुकलाल मागेच वारला. गोपाल उंचापुरा, लाजरा, हनुवटीला खळी. सुनितालाही तशीच खळी. मी म्हटलं, भाचा मावशीवर गेलाय हो. सुनिता पाण्याची बाटली भरायला उठली.

नानीबाई घाबरलेली दिसली म्हणून मी माझा नेहमीचा फड जमवला. भुलीत जाता-येता लोक काय काय बोलतात, त्या गमती मी वॉर्डात सांगते. हमखास चालतात. एक मास्तरीणबाई सतराचा पाढा म्हणत झोपल्या आणि जाग्या झाल्या त्या पुढच्या आकड्यापासून. एका गृहस्थांनी भूल उतरताना शेजारणीच्या हातच्या शेवभाजीची अशी काही तारीफ केली, की ती बाहेर उभ्या बायकोच्या कानावर गेली. पुढे बरेच दिवस घरी फक्त खिचडी शिजली म्हणे. अख्खा वॉर्ड हसला, नानीबाईसुद्धा. मग पदर तोंडाशी धरून तिनं विचारलं, "बठ्ठा लोक बोलतस का?"

मी म्हटलं, बहुतेक सगळेच. मनात दाबून ठेवलेलं तेवढं बरोबर बाहेर येतं बघा. तिचा पदर तोंडाशीच होता. बाई जरा मोकळी झाली, बरं वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

नानीबाईनं ऑपरेशनला नकार दिला. तोही थिएटरच्या दारात. अंगावर हिरवा गाऊन, केस टोपीत, आणि एकच वाक्य: "माले नही करनं." का नाही, तर नाही. भाविकानं समजावलं, मग चिडून समजावलं, मग गोपालला बोलावलं. तो आईच्या पायाशी बसून राहिला. काल संध्याकाळपर्यंत तीच त्याला धीर देत होती म्हणे.

मी माझ्या परीनं अंदाज बांधले. सुरीची भीती असेल. भगतानं काही सांगितलं असेल. होळी तोंडावर आलीय, त्यांच्याकडे होळीसारखा सण नाही, त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरायला लागतील, तेव्हा घरी असावं असं वाटत असेल. एकेक विचारलं. प्रत्येकाला मान हलवून नाही. शेवटी भाविका हात धुऊन पुढच्या केसला लागली आणि मीही. पण दिवसभर काम हातातून होत होतं, मन त्या दारातच.

१६ मार्च, शनिवार

आज घरीच. दुपारी पंख्याखाली पडले आणि नानीबाई स्वप्नात आली. मोहाची झाडं, खाली पांढऱ्या फुलांचा सडा. ती टोपलीत फुलं वेचतेय आणि मी मागून चाललेय. मला काहीतरी विचारायचंय, पण तोंड उघडलं की फुलंच बाहेर पडतात, शब्द नाही. तिचा गळा स्वच्छ होता, मुलीसारखा. जाग आली तेव्हा उशी घामानं ओली आणि बाहेर भंगारवाल्याची आरोळी.

भाविकाचा फोन आला. मानसोपचारवाल्यांनी नानीबाईला तपासलं. बाई पूर्ण शुद्धीवर, सगळं समजतंय, मरण येईल हेही समजतंय. म्हणजे तिचा नकार हा नकारच. भाविका म्हणाली, "कायदा तिच्या बाजूनं आहे ज्योत्स्ना, आणि गाठ कायद्याच्या बाजूनं नाही." घरी मात्र तिला पाठवत नाहीय. श्वासाला शिट्टी वाजायला लागलीय. ऑक्सिजन लावून वॉर्डात ठेवलीय.

भूषणला सांगितलं. नवरा वरणगावच्या कारखान्यात, दारूगोळ्यात रमणारा माणूस. म्हणाला, एखाद्याला नको असेल तर नको, तुम्ही डॉक्टर लोक फार मागे लागता. मला राग आला. मग वाटलं, खरंय की काय. पण मरायला तयार असलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय. तो शांत असतो. हिचा तसा नाही. हिला जगायचंय, आणि तरी ती नाही म्हणतेय. हे कोडं मला सुटत नाही.

१८ मार्च, सोमवार

बसमध्येही झोप नाही आज.

नानीबाईचे ओठ निळसर दिसायला लागलेत. दोन शब्दांमध्ये थांबते. तरी गोपालच्या डब्याची चौकशी चालूच. मी गेले की डोळे मिटून घेते. भाविकाशी बोलते, नर्सशी बोलते, माझ्याशीच नाही. मी काय घोडं मारलंय तिचं?

गोपालनं मला जिन्यात गाठलं. हात जोडून म्हणाला, "मॅडम, सलाईनमधून देऊन टाका भूल. तिला कळणारबी नाही. उठेल तव्हा गळा मोकळा राहील, मग मला मारू दे, शिव्या देऊ दे." त्याच्या डोळ्यांखाली काळं आलंय. झोपला नसेल पोरगा.

आता खरं लिहिते. मला मोह झाला. औषध माझ्या खिशात नसतं, पण कपाटाची किल्ली असते. किती सोपं आहे ते. एवढंसं दूध-पांढरं औषध, आणि जगातली सगळी नाही-नाही बंद. मग नळी दबली तर ती माझ्याच हातात मरेल हा भाग वेगळा. पण तो नसता तरी? झोपवायचा अधिकार मला पेशंटच्या "हो"नं मिळतो. त्याच्याशिवाय मी करेन ते कुठल्याही गाडीत चहातून गुंगीचं औषध देणाऱ्यासारखंच. गोपालला म्हटलं, नाही जमणार. तो मागे न बघता जिना उतरून गेला.

भाविकाचा मार्ग निराळा. ती म्हणते, थांबू. श्वास अडकून बाई बेशुद्ध झाली की मुलाच्या सहीनं करू. मी म्हटलं, तिनं शुद्धीत नाही म्हटलंय, ते बेशुद्धीत हो कसं होईल? भाविका म्हणाली, मग तुझ्याकडे काय आहे सांग. मी चहाचे कप उचलून बेसिनमध्ये ठेवले.

निघताना सुनिता दाराशी दिसली. तिला विचारलं, तुमचं तरी ऐकेल का ती? सुनिताच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, माझ्यामुळेच तर. मग लगेच म्हणाली, मीच तिला दवाखान्यात यायचा आग्रह केला ना, म्हणून. तिला दोन मुली आहेत, दोघी शाळेत. नवरा कडक आहे, रोज फोन करून कधी येते विचारतो, पण बहिणीला सोडून ती हलत नाही. माया बघा.

१९ मार्च, मंगळवार

काही नाही. जळगावात दोन सिझेरियन. दोन्ही बाळं रडली, छान.

२० मार्च, बुधवार

सकाळी चहा पिताना भूषण म्हणाला, "काल झोपेत बोलत होतीस."

मी म्हटलं, काय? तर गालात हसला, डबा उचलला आणि गेला. त्याला मस्करीची सवय आहे. पण काय बोलले असेन मी?

लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण अरशद आहे. म्हणजे होता, कॉलेजात, धुळ्यालाच. काही घडलं नाही. पांझरेच्या पुलावर गप्पा मारल्या, एकदा त्यानं माझी छत्री घरापर्यंत आणून दिली, एवढंच. पण कधीकधी त्या बसच्या झोपेत तो पूल येतो. नाव घेतलं असेल का मी? भूषण हसला तो कसा हसला? अख्खा रस्ता तोंडावर ओढणी घेऊन बसले होते. झोपायची भीती वाटली. शेजारच्या सीटवरच्या बाईसमोर डोळा लागला आणि काही बोलले तर?

पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली, आणि ओढणी तोंडाशी धरलेला माझा हात माझ्याच लक्षात आला. कप्पाळ माझं. असाच पदर धरला होता तिनं.

मीच घाबरवलं तिला. मी, माझ्या शेवभाजीच्या गोष्टीनं. तिच्या मनात कुणाचंतरी नाव असणार, सुकलालच्या आधीचं नाहीतर नंतरचं, आणि ते मुलासमोर तोंडातून निघण्यापेक्षा तिला मरण बरं वाटलं. आणि मी वेडी तिला भगताचं विचारत बसले. बस सुटली तरी रडू थांबेना. कंडक्टरनं विचारलं, तब्येत बरी नाही का ताई.

दवाखान्यात पोचल्या-पोचल्या सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला, तिच्यासमोर स्टुलावर बसले. म्हटलं, नानीबाई, तुमच्या मनात काय आहे ते मला सांगू नका. मला नकोच ते. फक्त ऐका. गळ्याच्या ऑपरेशनला आवाजाच्या जागेतून नळी जाते. नळी आत असली की राजा असो की भिकारी, कोणाचा आवाज निघत नाही. नेहमी आम्ही आधी भूल देतो, मग नळी घालतो. तुमची नळी मी तुम्ही जाग्या असतानाच घालीन, घसा बधिर करून. त्रास होईल, पण शुद्ध तुमच्या हातात राहील. नळी बसली, की मगच झोप. मला तसंही तेच करायचं होतं, तुमचा श्वास अडू नये म्हणून.

तिनं डोळे उघडले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"आनि काढतीस तव्हा?" काढताना.

म्हटलं, तेव्हा फक्त मी असेन जवळ. जाग पुरती येईस्तोवर काढणार नाही. तरी काही निघालंच तोंडातून, तर ते माझ्यापाशीच राहील.

"तू तं बठ्ठासले सांगस. मास्तरीणनं सांगं, शेवभाजीनं सांगं."

सगळ्यांना सांगतेस, असं म्हणाली. तोंडावर. मी म्हटलं, सांगत होते. चूक झाली. आता नाही.

"तुना घरवालाले बी नही?"

"नवऱ्यालाही नाही."

मग तिनं हात पुढे केला, मला वाटलं पाणी हवंय. तिनं माझा हात धरला आणि भाविकाला बोलाव म्हणाली.

भाविका विचारते, काय जादू केलीस? म्हटलं, नळीची माहिती दिली.

संध्याकाळी भूषणला धरलं. म्हणाला, "अगं, श्वास घ्या, मोठा श्वास घ्या, असं बडबडत होतीस. मी घेतला दोन-तीनदा." मी इतकी हसले की त्याला कळेना, एवढं काय झालं.

२२ मार्च, शुक्रवार

झालं ऑपरेशन.

घसा फवाऱ्यानं बधिर केला, तिला बसवूनच ठेवलं, आणि कॅमेऱ्याची बारीक नळी नाकातून सोडली. आतला तो दबलेला रस्ता पडद्यावर गुलाबी, ओलसर, एखाद्या गुहेसारखा दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. मी बोलत होते, आता घाट आला, आता वळण, आता सपाटी. नळी बसली. मी म्हटलं, काहीतरी बोलून बघा. तिनं ओठ हलवले. आवाज नाही. पुन्हा हलवले. काहीच नाही. तेव्हा तिनं डोळ्यांनी मला खूण केली, दे आता. माझ्या इतक्या वर्षांत असं निवांत झोपलेलं माणूस मी पाहिलं नाही.

भाविकाचे हात आज सुरेख चालले. गाठ निघाली ती नारळाएवढी. श्वासनळी दबून मऊ पडलेली नव्हती, म्हणून आतली नळी शेवटी काढता आली. काढायच्या वेळी मी सगळ्यांना दूर केलं. नर्सला काचेपलीकडे पाठवलं. भाविका कुरकुरली, कारण आवाजाची नस शाबूत आहे का हे तिला तिथेच ऐकायचं असतं. म्हटलं, मी ऐकून सांगते.

नानीबाईनं डोळे उघडले, माझं बोट दाबलं, मान उचलली. पुरती जागी वाटली, म्हणून नळी काढली. खोकली. आणि मग पापण्या पुन्हा जड झाल्या आणि ती बोलली. घोगरं, पण स्वच्छ. झोपेतल्या माणसाचा असतो तसा लाडका सूर.

"सुनिताना पोऱ्या जेवना का?"

सुनिताचा पोरगा जेवला का. बस्स. पुन्हा एकदा तेच, आणि डोळा लागला. कोणा पुरुषाचं नाव नाही, काही नाही. मी कान टवकारून उभी, आणि बाईला काळजी कुणाच्या तरी जेवणाची. सुनिताला तर दोन मुलीच आहेत, पण भुलीत मुलगा काय नि मुलगी काय. एवढ्यासाठी जीव द्यायला निघाली होती बिचारी.

भाविकानं विचारलं, बोलली? म्हटलं, आवाज उत्तम आहे. काय म्हणाली? म्हटलं, आवाज उत्तम आहे, एवढंच लिही. ती माझ्याकडे विचित्र बघत गेली.

मी हे वहीत लिहितेय ते चूक की बरोबर, कळत नाही. वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तरी लिहून झाल्यावर चुकल्यासारखं वाटतंय.

२३ मार्च, शनिवार

माझा आज धुळ्याचा वार नव्हता, पण गेले. कारण सकाळी भाविकाचा फोन, की नानीबाई बोलत नाहीय. शुद्धीवर आल्यापासून तोंड गच्च मिटलेलं. नाव विचारलं तर मान हलवते. नर्सनं पाणी हवं का विचारलं तर हातानं खूण. तुझी ती उत्तम नस कुठे गेली, असं भाविकानं विचारलं. तिच्या आवाजात भीती होती.

वॉर्डात शिरले तर गोपाल खिडकीत तोंड करून रडतोय, आईचा आवाज गेला म्हणून. सुनिता कॉटच्या कडेला, हातात चहाचा ग्लास, साय धरलेली. नानीबाई पहिल्यांदाच आडवी झोपलेली. गळ्याला पट्टी, श्वास लहान बाळासारखा बिनआवाजी. मला पाहिलं आणि तिनं दंडावर, सुई टोचली होती तिथे, बोट ठेवून भुवया उडवल्या.

मला आधी कळेना. मग कळलं. ही बाई काल दुपारपासून औषध उतरायची वाट बघत तोंड मिटून बसली होती.

"बठ्ठी उतरनी," मी म्हटलं. "सगळी भूल उतरली, नानीबाई. आता काहीच राहिलं नाही अंगात."

तिनं ओठ ओले केले. गोपाल वळला. ती माझ्याकडेच बघत होती.

"मी काही बोलनू का?"

सुनिताच्या हातातला चहा बोटांवर सांडला, तिनं पुसला नाही. तीही माझ्याकडेच बघायला लागली. गोपालही. जिभेवर आलं होतं हो माझ्या. इतकी गोड गोष्ट, आणि कुणाला लागण्यासारखं त्यात काही नाही. सांगितलं असतं तर तिघंही हसले असते, सुनिताला तर बरं वाटलं असतं, की ताईला भुलीतही आपल्या लेकरांची आठवण. पण शब्द दिला होता. मामुली असला तरी शब्दच.

"नाही," मी म्हटलं. "एक अक्षर नाही. नुसत्या खोकल्या तुम्ही."

नानीबाईनं डोळे मिटले. सुनितानं ग्लास जमिनीवर ठेवला, तिथेच कॉटला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. एवढ्या साध्या उत्तराला ती का रडावी, मला समजलं नाही. बहिणीचा आवाज परत आला म्हणून असेल. कालपासून ताण होता बिचारीला. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, तर तिनं माझा हात कपाळाला लावला.

नानीबाईनं गोपालला जवळ बोलावलं. त्याच्या खरबरीत गालावरून हात फिरवला, हनुवटीशी थांबली, आणि त्या घोगऱ्या, नव्या आवाजात विचारलं, "जेवना का तू?"

परत जेवणच. मला हसू आलं. गोपाल नाही म्हणाला, आणि सुनिता डोळे पुसून त्याचा डबा उघडायला उठली.